बाथरूममधल्या दुर्गंधीचा माग कसा काढायचा

बाथरूममधून वास यायला लागला की बहुतेक घरांत ठरलेला क्रम सुरू होतो. फिनेल ओतायचं, फरशी घासायची, सुगंधी वडी टांगायची, खिडकी उघडी ठेवायची. दोन दिवस बरे जातात आणि वास पुन्हा हजर. मग आणखी कडक रसायन आणलं जातं, आणि शेवटी कुणीतरी सांगतं की फरशी फोडल्याशिवाय काही होणार नाही. या चक्रातून मी गेले आहे, आणि पुढे ओळखीच्या बऱ्याच घरांत हेच शोधकाम करून दिलं आहे. बहुतेक ठिकाणी फरशी फोडावी लागली नाही. वासाला एक नेमकी जागा असते. ती सापडली तर उपाय पुष्कळदा एक वॉशर, एक रबरी बूच किंवा मगभर पाणी एवढाच असतो. ती सापडायच्या आधी सुगंध फवारला तर मात्र माग बुजतो. म्हणून पहिली विनंती हीच: शोध पूर्ण होईपर्यंत फिनेल, फ्रेशनर, वड्या सगळं बाजूला ठेवा.

सुरू करण्याआधी सुरक्षिततेचं

हा भाग गाळून पुढे जाऊ नका.

सांडपाण्याच्या नळातून येणाऱ्या हवेत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड असे वायू असतात. घरातल्या बाथरूममध्ये त्यांचं प्रमाण सहसा फार कमी असतं. हायड्रोजन सल्फाइड मात्र नाकाला अगदी अत्यल्प प्रमाणातही कळतो, म्हणून थोडक्या गळतीचाही वास खूप वाटतो. उलट त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. त्यामुळे चेंबरच्या किंवा सेप्टिक टँकच्या तोंडाशी ‘आता वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ असा अर्थ कधीही काढू नका. आत वाकणं, उतरणं हे काम घरच्या माणसाचं नाहीच. बाथरूममध्येही वासाबरोबर डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा डोळे चुरचुरले, तर खिडक्या उघडून बाहेर पडा. शोध नंतर करता येतो.

मिथेन पेट घेतो. त्यामुळे काडी, मेणबत्ती किंवा लायटर जाळीवर धरून हवा कुठून येते ते बघू नका. टिशू पेपरची पातळ पट्टी तेच काम करते.

ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतात, आणि तेही छातीला घातक असतात. साचलेल्या लघवीतही अमोनिया असतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक रसायन वापरल्यावर भरपूर पाणी सोडा आणि दुसरं त्याच दिवशी वापरू नका.

आणि शेवटचं: वास मासळीसारखा किंवा प्लास्टिक जळल्यासारखा असेल, तर नळ-ट्रॅप (ट्रॅप म्हणजे नळीतला पाणी साचून राहणारा वाक) बघत बसू नका. गीझरचा प्लग, स्विच किंवा एक्झॉस्ट फॅनची मोटर तापली की तिथलं प्लास्टिक असा वास सोडतं. त्या भागाची वीज मुख्य बोर्डावरून बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लागणारं साहित्य

- टॉर्च (मोबाइलचा चालेल, पण हातात धरायचा छोटा टॉर्च कोपऱ्यात नीट पोचतो)
- रबरी हातमोजे आणि जुना टूथब्रश
- बाटली धुवायचा लांब, बारीक ब्रश
- केस ओढून काढायची दातेरी प्लास्टिकची पट्टी
- जाड पॉलिथिनच्या पिशव्या, कात्री, रुंद चिकटपट्टी
- बादली, मग, कोरडी फडकी, टिशू पेपर
- खाण्याचा रंग, पेन्सिल
- घट्ट झाकणाच्या दोन काचेच्या बाटल्या
- वही. वहीशिवाय हे काम करू नका. चौथ्या दिवशी कोणत्या वेळी काय झालं होतं ते आठवत नाही.

१. नाकावर किती भरवसा ठेवायचा ते ठरवा

सतत येणाऱ्या वासाची नाकाला काही मिनिटांत सवय होते. बाथरूममध्ये दहा मिनिटं उभं राहून हुंगत बसलात तर शेवटी काहीच कळणार नाही, किंवा सगळीकडे तोच वास आहे असं वाटेल. आधी बाहेर मोकळ्या हवेत थोडा वेळ थांबा, मग आत या, दोन-तीन श्वासांत अंदाज घ्या आणि पुन्हा बाहेर जा. सर्वांत चांगली वेळ सकाळची. रात्रभर दार बंद, पंखा बंद, पाणी वापरलेलं नाही, आणि तुमचं नाकही ताजं.

घरात न राहणाऱ्या एखाद्या माणसाला बोलवता आलं तर फार उत्तम. त्याला आधी काही सांगू नका. ‘कुठून येतोय ते दाखव’ एवढंच म्हणा.

हुंगताना उंची बदला. उभं राहून, बसून आणि जमिनीलगत, अशा तीन ठिकाणी हुंगा. छताकडे वास जास्त असेल तर पंख्याचा डक्ट (हवा बाहेर नेणारी नळी), फॉल्स सीलिंग आणि वरच्या मजल्यावरून येणारे नळ हे संशयित. खाली असेल तर जाळी, कमोडचं बूड, बेसिनखालचा पाइप.

२. वासाची जात आणि वेळ वहीत लिहा

मला विचाराल तर अर्धा शोध इथेच लागतो. दोन-तीन दिवस फक्त नोंद करा, दुरुस्ती काही करू नका.

आधी जात. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सांडपाण्याचा नळ, नळीतली घाण किंवा गीझर. डोळ्याला झोंबणारा, उग्र वास म्हणजे जुनी लघवी. कुबट, बंद कपाटासारखा वास म्हणजे ओल आणि बुरशी. कुजलेल्या मांसासारखा, अचानक सुरू झालेला आणि रोज वाढत जाणारा वास असेल तर डक्टमध्ये किंवा फॉल्स सीलिंगवर उंदीर, पाल असं काही मरून पडलेलं असू शकतं.

मग वेळ:

- घर काही दिवस बंद राहिल्यानंतर येतो: कुठलातरी ट्रॅप सुकला आहे.
- फ्लश केल्यावर येतो: व्हेंटची (छतावर उघडणाऱ्या हवेच्या पाइपची) अडचण, किंवा कमोडच्या बुडाचा सांधा सैल.
- बेसिनचा नळ किंवा शॉवर सोडल्यावर पहिल्या मिनिटात येतो: नळीच्या आतल्या भिंतीवर चिकट थर बसला आहे.
- फक्त गरम पाणी सोडल्यावर येतो: गीझर.
- एक्झॉस्ट फॅन लावल्यावर वाढतो: पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो, आणि तिची जागा भरायला हवा सांडपाण्याच्या कुठल्यातरी उघड्या नळातून आत येते.
- वॉशिंग मशीन पाणी सोडते तेव्हा येतो: मशीनची नळी जिथे सोडली आहे ती जागा.
- जोराच्या पावसानंतर येतो: बाहेरची लाइन, चेंबर किंवा सेप्टिक टँक.

पंख्याच्या नोंदीकडे विशेष लक्ष द्या. पंखा लावल्यावर वास कमी व्हायला हवा अशी आपली समजूत असते. तो वाढत असेल तर ती फार मोलाची खूण आहे: कुठेतरी सांडपाण्याचा नळ उघडा आहे. दाराखाली फट नसेल तर हा परिणाम आणखी ठळक होतो.

३. नळाची सगळी तोंडं शोधून यादी करा

बाथरूमच्या एका कोपऱ्यात उभे राहा आणि सांडपाण्याच्या नळाला जोडलेलं प्रत्येक तोंड मोजा. जाळ्या (शॉवरखाली एक, दाराशी एक, कधी बेसिनखालीही), बेसिनचं भोक आणि त्याचं वरचं ओव्हरफ्लोचं छिद्र, कमोड, वॉशिंग मशीनचा पॉइंट, एसीच्या पाण्याची नळी, गीझरच्या व्हॉल्व्हची नळी. पुढे कधी लागेल म्हणून काढून ठेवलेला आणि नुसतं फडकं कोंबलेला एखादा पाइपही असू शकतो. बेसिनखालच्या कपाटात, मशीनच्या मागे आणि कमोडच्या मागे टॉर्च मारा. विसरलेला पाइप सापडण्याची शक्यता तिथेच जास्त असते.

एसीच्या नळीबद्दल जरा जास्त सांगायला हवं. ती ट्रॅप न लावता थेट सांडपाण्याच्या लाइनला जोडलेली असेल, तर वास बाथरूममध्ये न येता एसी असलेल्या खोलीत येतो, आणि माणसं एसीची सर्व्हिसिंग करत बसतात.

४. प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी आहे का ते बघा

सांडपाण्याच्या प्रत्येक तोंडाखाली नळीला वाक दिलेला असतो किंवा एक भांडं बसवलेलं असतं. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, आणि तेच पाणी पलीकडचे वायू अडवतं. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग यांनी एस आकाराच्या वाकाच्या शौचकूपाचं पेटंट घेतलं. घराच्या आत शौचकूप ठेवणं सुसह्य झालं ते या वाकातल्या पाण्यामुळे. आजही तत्त्व तेच आहे. या पाण्याची खोली साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच असते. घर आणि गटार यांच्यामध्ये एवढीच भिंत.

हे पाणी उडून जातं. वापरात नसलेल्या बाथरूममध्ये काही आठवड्यांत ट्रॅप कोरडा पडतो, आणि कोरड्या, गरम हवेत त्याहून लवकर. वापरातल्या बाथरूममध्येही दाराजवळच्या जाळीत पाणी जातंच असं नाही, कारण सगळं पाणी शॉवरखालच्या जाळीतून निघून जातं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये तर हेच कारण आधी तपासा.

कृती साधी आहे. जाळी उचला, टॉर्च मारा. पाणी चमकलं तर ठीक. नाही चमकलं तर दोन मग पाणी सावकाश ओता, खोली तासभर मोकळी करा आणि पुन्हा येऊन हुंगा. वास गेला असेल तर तुमचं काम जवळजवळ संपलं. आठवड्यातून एकदा मगभर पाणी टाकत राहा. घर बराच काळ बंद ठेवणार असाल तर पाणी भरून त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडा. तेलाचा तवंग बाष्पीभवन मंदावतो.

जाळी उचललीच आहे तर आतला कपही बघा. पुष्कळ नहाणी ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उलटा कप असतो आणि त्याची कड पाण्यात बुडलेली असते. हा कप काढला की पाणी भराभर वाहून जातं, म्हणून साफसफाई करताना तो काढून बाजूला ठेवला जातो आणि तिथेच राहतो. मग ट्रॅपमध्ये पाणी असूनही वास सरळ वर येतो, कारण अशा ट्रॅपमध्ये अडवण्याचं काम तो कपच करतो. तो तुटला असेल किंवा नीट बसत नसेल तर त्याच मापाचा नवा आणा. पाणी सावकाश जातं ही तक्रार असेल तर कप काढायचा नाही, त्याखालचे केस काढायचे.

५. सगळी तोंडं बंद करा आणि एकेक उघडा

पाणी भरूनही वास राहिला तर ही चाचणी करा. एका रात्रीचं काम आहे, पण याच्या तोडीची दुसरी चाचणी मला माहीत नाही.

रात्री सगळ्यांचं आटोपल्यावर जाळ्यांभोवतीची फरशी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही. प्रत्येक जाळीवर, बेसिनच्या भोकावर आणि ओव्हरफ्लोच्या छिद्रावर पॉलिथिन ताणून चारही बाजूंनी चिकटवा. कमोडच्या भांड्यावरही पॉलिथिन लावा आणि मग झाकण टाका. यादीतला एकही पाइप सोडू नका. ओले टॉवेल, पायपुसणी, कचऱ्याचा डबा बाहेर काढा. पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद.

सकाळी दार उघडून आत पाऊल टाकताच पहिला श्वास घ्या.

वास तसाच असेल, तर तो या तोंडांतून येत नाही. लघवी, ओल, कमोडच्या बुडाचा सांधा, पंख्याचा डक्ट यांच्याकडे वळा. त्या पायऱ्या पुढे आहेत.

वास नसेल तर पॉलिथिनला एका कोपऱ्यात छोटं भोक पाडा, नाक जवळ नेऊन एकदाच हुंगा, भोकावर पट्टी लावा आणि बाहेर जा. थोड्या वेळाने पुढचं तोंड. रात्रभर अडून बसलेली हवा त्या छोट्या भोकातून येते, त्यामुळे दोषी जाळी लपत नाही. एखादं पॉलिथिन फुगून वर आलेलं दिसलं तर ते मुद्दाम वहीत लिहा. त्या लाइनमध्ये हवेचा दाब तयार होतो आहे, आणि पुढच्या पायरीत तेच बघायचं आहे.

६. पाणी भरलं तरी टिकत नसेल तर

ट्रॅप भरला, वास गेला, आणि दोन दिवसांत परत आला. इतक्या कमी वेळात पाणी नुसतं वाळून जात नाही. ते कुणीतरी ओढून नेतं आहे.

पहिली शक्यता व्हेंट पाइपची. सांडपाण्याच्या उभ्या नळाला छतावर उघडणारा एक पाइप असतो. फ्लशचं पाणी खाली धावतं तेव्हा त्याच्या मागे पोकळी तयार होते आणि ती भरायला हवा या पाइपमधून आत येते. पाइप पाल्यापाचोळ्याने, पक्ष्याच्या घरट्याने किंवा कुणी झाकण बसवल्याने बंद झाला की हवा मिळेल तिथून ओढली जाते, म्हणजे तुमच्या ट्रॅपमधून, आणि ट्रॅपमधलं पाणी तिच्याबरोबर निघून जातं. इमारतीत वरच्या मजल्यावरच्या फ्लशनेही तुमचा ट्रॅप रिकामा होऊ शकतो. उलटही घडतं: खालच्या मजल्यांवर दाब वाढून हवा ट्रॅपमधून बुडबुडे काढत वर येते.

हे घरीच तपासता येतं. एकाने कमोडमध्ये बादलीभर पाणी झपकन ओतावं आणि फ्लशही करावा. दुसऱ्याने त्याच वेळी जाळी उचलून टॉर्चने ट्रॅपमधलं पाणी बघावं. पाणी जरा हललं तर काळजी नाही. गुडगुड आवाज आला, पाणी खाली ओढलं गेलं किंवा बुडबुडे उठले, तर व्हेंटची किंवा पुढे लाइन तुंबल्याची अडचण आहे. छतावर चढून पाइपात काठी घालू नका. प्लंबरला सांगा.

दुसरी शक्यता अगदी क्षुल्लक आणि म्हणूनच सुटून जाणारी. केसांचा पुंजका किंवा पोछ्याचा धागा ट्रॅपच्या कडेवरून पलीकडे लोंबत असतो आणि वातीसारखा पाणी थेंबाथेंबाने पलीकडे नेतो. रात्री भरलेला ट्रॅप सकाळी उणा. दातेरी पट्टी फिरवून केस काढले की झालं.

तिसरी शक्यता भांड्याला तडा जाण्याची. कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा आणि काही तास वापरू नका. फ्लश न करता पातळी स्पष्टपणे खाली गेली तर तडा किंवा ओढ, दोन्हींपैकी एक आहेच.

७. बेसिन: चिकट थर, ओव्हरफ्लो आणि भिंतीतलं भोक

बेसिनचा वास बहुधा गटाराचा नसतोच. साबण, टूथपेस्ट, त्वचेचा मळ आणि केस यांचा काळपट, बुळबुळीत थर नळीच्या आत बसतो, त्यात जिवाणू वाढतात आणि तेच सडक्या अंड्यासारखा वास सोडतात. नळ सोडला की पाणी आतली हवा वर ढकलतं आणि वास तुमच्या तोंडावर येतो.

भोकावरची जाळी किंवा बूच काढा, हातमोजे घालून लांब ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून आत फिरवा. ओव्हरफ्लोचं छिद्र विसरू नका. तिथून आत एक पोकळ वाट खाली जाते, ती कधीच धुतली जात नाही आणि घाण सर्वांत जास्त तिथेच साठते. बारीक ब्रश आत घाला आणि वरून गरम पाणी सोडा. पाणी गरम हवं, उकळतं नको. पीव्हीसी पाइप साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडायला लागतात, आणि उकळत्या पाण्याने चिनी मातीलाही तडा जाऊ शकतो.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. फेस येतो, थोडा मळ सैल होतो, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं बहुतांशी खारट पाणी. खरं काम ब्रशच करतो.

आता बेसिनखाली वाका. लवचीक, कडीकडीचा पाइप असेल तर त्याला वाकवून यू आकार दिलेला आहे का बघा. तो ताणून सरळ केलेला असेल आणि पुढे नहाणी ट्रॅपही नसेल, तर गटार आणि तुमच्यामध्ये पाणीच नाही. शिवाय त्याच्या खाचांत मळ अडकून राहतो. शक्य असेल तर तो काढून गुळगुळीत बॉटल ट्रॅप बसवा.

मग तो पाइप भिंतीत किंवा फरशीत जिथे शिरतो ती जागा बघा. पुष्कळ घरांत जाड पाइपात बारीक पाइप नुसता खुपसलेला असतो आणि भोवतीची फट स्टीलच्या चकतीखाली लपलेली असते. चकती मागे सरकवा आणि टिशूची पट्टी धरा. ती हलली तर सापडलं. मापाचं रबरी बूच बसवलं की फट बंद होते. वॉशिंग मशीनच्या नळीचंही हेच, पण तिथे एक पथ्य आहे: फट बंद करण्याआधी पुढे ट्रॅप आहे याची खात्री करा.

८. कमोडचं बूड

कमोडच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून हलकेच हलवून बघा. तो तसूभरही डुलत असेल तर खालचा सांधा, मग तो मेणाच्या कड्याचा असो वा रबरी, निसटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. बोल्ट घट्ट करताना जोर लावू नका, चिनी माती चटकन फुटते. एकदा निसटलेला मेणाचा कडा बोल्ट आवळून परत बसत नाही, बदलावाच लागतो.

डुलत नसेल तर बुडाभोवती कोरडे टिशू ठेवा, भांड्यात खाण्याचा रंग टाका आणि चार-पाच वेळा फ्लश करा. रंगीत डाग उमटला तर पाणी गळतं आहे. डाग नसेल तरी वायू निसटू शकतो, म्हणून बुडाभोवती रात्रभर चिकटपट्टी लावून पाचव्या पायरीसारखी चाचणी घ्या.

सिलिकॉन भरून फट बंद करणं हा इथला नेहमीचा सापळा. खालचा सांधा गळत असताना वरून सिलिकॉन भरलं तर पाणी आतल्या आत मुरतं आणि खालच्या छताला ओल येते. आधी सांधा, मग सिलिकॉन.

९. फक्त गरम पाण्याला वास असेल तर

एका बाटलीत गार पाणी, दुसरीत गरम पाणी भरा, झाकणं लावा आणि बाथरूमच्या बाहेर नेऊन हुंगा. बाहेर नेणं महत्त्वाचं आहे, नाहीतर बेसिनचा वास पाण्यावर ढकलला जातो. दोन्हींना वास नसेल तर दोष नळीचा. दोन्हींना असेल तर तो पाण्याच्या स्रोताचा किंवा टाकीचा. फक्त गरम पाण्याला असेल तर साठवणीच्या गीझरमध्ये सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढले आहेत. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, आणि त्याच्या झिजण्याने या जिवाणूंना मदतच होते. सर्व्हिसवाल्याकडून टाकी रिकामी करून धुवून घ्या आणि ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड बसवता येईल का ते विचारा. रॉड नुसता काढून टाकू नका, टाकी गंजते.

१०. नळाशी संबंध नसलेले वास

लघवीचा वास कमोडच्या आत क्वचितच असतो. तो असतो सीटच्या बिजागऱ्यांखाली, भांड्याच्या कडेच्या खालच्या बाजूला, बुडाभोवतीच्या ग्राउटमध्ये (टाइलांच्या सांध्यांत भरलेला मसाला) आणि जवळच्या भिंतीच्या खालच्या हातभर भागात. युरिक ॲसिडचे स्फटिक पाण्यात फारसे विरघळत नाहीत, म्हणून रोज धुऊनही दमट हवेत वास परत उठतो. अतिनील टॉर्च मिळाला तर अंधारात मारून बघा, वाळलेली लघवी चमकते. सीट काढून बिजागऱ्या धुवा, एन्झाइमचा क्लीनर लावा आणि बाटलीवर लिहिला असेल तितका वेळ तो ओला राहू द्या. लगेच पुसला तर उपयोग नाही. ग्राउटमध्ये वर्षानुवर्षं मुरलं असेल तर ते खरवडून नवं भरणं हाच मार्ग.

कुबट वासासाठी आधी कापडी वस्तू बाहेर काढा: टॉवेल, पायपुसणी, शॉवरचा पडदा. वास त्यांच्याबरोबर गेला तर प्रश्न वाळवण्याचा आहे. राहिला तर बेसिनखालच्या कपाटाची मागची फळी, फॉल्स सीलिंग आणि फुगलेला रंग बघा. एखाद्या टाइलवर बोटाने ठोकून आवाज पोकळ आला आणि शेजारचं ग्राउट कायम काळपट-ओलं असेल, तर भिंतीतला नळ झिरपत असू शकतो.

एक्झॉस्ट फॅनवर टिशू धरा. चिकटून राहिला तर ओढ आहे. पडला तर पाती आणि जाळी धुवा. पंखा बंद असताना वास पंख्याकडूनच येत असेल, तर बाहेरची झडप मिटत नाही आणि डक्टमधली हवा आत येते आहे.

११. प्लंबरला बोलावताना

इथवर सगळं करून वास राहिला, किंवा गुडगुड आणि बुडबुडे दिसले, तर माणूस बोलवा. ‘वास येतोय’ एवढंच सांगू नका, वही दाखवा: कोणतं तोंड, कोणत्या वेळी, कशानंतर, पॉलिथिन फुगलं का. धूर सोडून नळाची चाचणी आणि नळात कॅमेरा घालून पाहणी, या दोन्ही गोष्टी फरशी फोडण्याआधी करता येतात. त्या केल्याशिवाय फोडायला परवानगी देऊ नका.

दोन उपाय सुचवले गेले तर थांबा. पहिला, जाळी सिमेंटने कायमची बंद करणं: पुढे कधी नळ फुटला तर पाण्याला वाटच उरत नाही. दुसरा, असलेल्या ट्रॅपनंतर आणखी एक ट्रॅप बसवणं: दोघांच्या मध्ये हवा अडकते, पाणी तुंबतं आणि पहिला ट्रॅप रिकामा होऊ लागतो.

काम झालं की त्याच रात्री पॉलिथिनची चाचणी पुन्हा करा, आणि फ्लशची चाचणी प्लंबर घरात असतानाच करा. टाइल किंवा ग्राउट परत भरायचं असेल तर ते सकाळी, पहिला श्वास घेऊन झाल्यावरच भरू द्या.